कॅरॅव्हॅन डोलते, इंजिन तापतं, क्लचचा वास येतो: नवी फोर-बाय-फोर घेण्याआधी हे तपासा

सोलापुरात गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, लावून फिरणारे अजून मोजकेच आहेत, पण त्यांची तक्रार बहुतेक सारखीच असते. पुणे रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेलं की मागचा ट्रेलर डोलायला लागतो. तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा वर सरकतो. मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना क्लचचा वास सुटतो. यावर मित्रमंडळींचा सल्लाही ठरलेला: "गाडी कमी पडतीय, मोठी फोर-बाय-फोर घे." मोठी गाडी येते, चार महिने बरे जातात आणि पुन्हा तेच डोलणं, तोच काटा, तोच वास. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

फोर-बाय-फोरचं काम काय, हे आधी स्पष्ट असू द्या. इंजिनाचा जोर दोन चाकांऐवजी चार चाकांना वाटायचा, म्हणजे चाक जागेवर फिरत नाही. कोरड्या डांबरावर चाक जागेवर फिरतच नसतं, त्यामुळे तिथे ओढायच्या ताकदीत काही भर पडत नाही. शिवाय आपल्याकडच्या थार, स्कॉर्पिओ-एन, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर यांच्यासारख्या गाड्यांची फोर-बाय-फोर ही गरजेपुरती जोडायची असते. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारी, नेहमीच्या वेगाची जोडणी) टाकून वळण घेतलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये तो फरक सांभाळायला डिफरन्शियल नसतं, आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) आणि शाफ्टवर येतो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. म्हणजे पुणे रस्त्यावर सावळेश्वरच्या टोलनाक्यावरून जाताना तुमची महागडी फोर-बाय-फोर ही मागच्या दोन चाकांवर चालणारी साधी गाडीच असते. डोलणं आणि तापणं तिथे होतं, आणि फोर-बाय-फोर तिथे बंद असते.

म्हणून तपासणीचा क्रम उलटा लावा. आधी ट्रेलर, मग हिच (ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवलेला जोड), आणि सगळ्यात शेवटी गाडी.

आधी वजनकाट्यावर

सोलापुरात वजनकाट्यांना तोटा नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला, एमआयडीसीत, कारखान्यांच्या रस्त्यांवर काटे आहेत. प्रवासाला निघतो तशी सगळी भरती करून जा: माणसं, पाण्याची टाकी, गॅस, चादरी, शेंगाचटणीचे डबेसुद्धा. पहिलं वजन एकट्या गाडीचं. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडून, पण फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून. तिसरं दोन्हींचं मिळून, त्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं एकूण वजन. पहिल्या आणि दुसऱ्या वजनातला फरक म्हणजे ट्रेलर तुमच्या हिचवर टाकतो तो भार, त्याला आपण नाकभार म्हणू. मोठे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने दाखवतात, म्हणून नाकभार घरच्या वजनाच्या काट्यावर पुन्हा मोजा. सपाट जागी ट्रेलरची चाकं अडवा, कपलिंगखाली (ट्रेलरचं हिचवर बसणारं टोक) लाकडाचा ठोकळा घेऊन काटा अशा उंचीवर ठेवा की ट्रेलर गाडीला जोडल्यावर असतो तितकाच आडवा राहील.

युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के नाकभार धरतात, ऑस्ट्रेलियात १० टक्क्यांच्या आसपास. तिथल्या कॅरॅव्हॅनची बांधणी वेगळी आणि वेगही वेगळे. आपल्याकडे स्थानिक वर्कशॉपमध्ये बांधलेल्या, लोखंडी चेसिसच्या कॅरॅव्हॅनला मी ७ ते १० टक्क्यांच्या मध्ये ठेवीन. म्हणजे हजार किलोच्या ट्रेलरला ७० ते १०० किलो. पाचाच्या खाली गेला की डोलणं जवळपास ठरलेलंच.

आणि तो खाली जातो कशाने? मागच्या बाजूला किचन, मागच्या बाजूला सायकली, आणि सगळ्यात मागे पाण्याची टाकी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. बांधणाऱ्याने जागा मिळेल तिथे वस्तू बसवलेली असते, आणि मागे जागा जास्त मिळते. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे आणा. टाकी एक तर पूर्ण भरा, नाही तर रिकामी ठेवा, कारण अर्धी टाकी प्रत्येक वळणावर पाणी इकडून तिकडे फेकते. हे केल्यावर निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपते असा माझा अंदाज आहे.

डोलणं: वेग, टायर आणि हिच

ट्रेलर एकदा बाजूला झुलला की तो स्वतःहून शांत व्हायला हवा. कमी वेगात होतोही. वेग वाढत जातो तसा तो शांत व्हायला जास्त वेळ घेतो, आणि एका वेगानंतर झुलणं शांत होण्याऐवजी वाढतच जातं. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. शेजारून लक्झरी बस गेली, तिच्या हवेने ट्रेलरला ढकललं, आणि तुम्ही त्या वेगाच्या वर असलात, तर काम अवघड होतं. अशा वेळी ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल या आशेवरही राहू नका. पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, उलटसुलट फिरवू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल आणि त्याचं बटण हाताशी असेल, तर फक्त तो हलकेच लावा.

नाकभार बरोबर असूनही डोलत असेल तर टायर बघा. कॅरॅव्हॅन वर्षातले बहुतेक महिने उन्हात उभी असते. तिच्या टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी भरा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी मोजून "जास्त झाली" म्हणून हवा सोडणारा माणूस संध्याकाळी मऊ टायरवर धावत असतो. गाडीच्या मागच्या टायरलाही हेच लागू. मऊ मागचा टायर म्हणजे हलणारा पाया.

हिचचं सांगायचं तर, तो चेसिसला बोल्टने बसलेला असावा, चांगल्या दर्जाच्या बोल्टने, आणि पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा आवळलेला. चेसिसवर वेल्डिंग करून बसवलेले हिच आपल्याकडे सर्रास दिसतात. वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिसचा तेवढा भाग कमजोर होतो आणि तडा नेमका वेल्डच्या कडेला जातो. बंपरच्या मागच्या पत्र्याला बसवलेला हिच फक्त सायकल टांगायला ठीक. ट्रेलर जोडल्यावर सुरक्षेच्या साखळ्या कपलिंगखाली एकमेकींवर तिरप्या टाका, म्हणजे कपलिंग सुटलंच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर अडकेल. दिव्यांच्या वायरी मागच्या दिव्याच्या वायरीत सुई टोचून घेऊ नका, वेगळा रिले आणि फ्यूज घ्या. नव्या गाड्यांचा संगणक असल्या जोडाजोडीवर रुसतो.

तापणं: घाटात नक्की काय होतं

इथे लोक हॉर्सपॉवरवर घसरतात. थोडं गणित करू. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टन, चढ ६ टक्के, वेग ताशी ४०. चढाला, टायरच्या घर्षणाला आणि हवेला मिळून चाकांवर साधारण ४० अश्वशक्ती लागते. फक्त चाळीस. थारच्या डिझेलमध्ये १३० आहे, स्कॉर्पिओ-एनमध्ये १७५. मग अडतंय कुठे? तोच चढ ताशी ८० ने चढायचा म्हटलं की शंभराच्या आसपास लागते, आणि तेवढी सतत काढली की उष्णताही तेवढीच सतत तयार होते. बाहेर ४३ अंश, एसी चालू, आणि पुढे उसाची किंवा खडीची गाडी लागल्यामुळे मध्येच वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वाराही कमी. इंजिनाची ताकद पुरते, ती उष्णता बाहेर टाकायची सोय कमी पडते.

निदान सोपं आहे. वाहतुकीत रेंगाळताना काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर पंखा किंवा पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) तपासा. सपाटीला ठीक आणि चढावर भाराखाली चढतो, तर रेडिएटर अडलाय. आपल्याकडे धूळ, कडब्याचा भुसा आणि किडे हे मिश्रण एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतं. बाहेरून पाणी मारलं तर ते आणखी आत जातं. मधली फट मोकळी करून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने धुवा. जाळीपुढे लावलेले जास्तीचे दिवे, लोखंडी गार्ड आणि देवाच्या नावाची मोठी पाटी हेही वारा अडवतात. कूलंट संपलं म्हणून बोअरचं पाणी टाकलं असेल तर आत क्षार बसलेत असं समजा. रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. ते झाकण शेकड्यांत मिळतं, आणि त्यापायी हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या आतल्या सीलचं) काम काढलेले लोक आहेत.

घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, वेग चाळीस-पंचेचाळीस ठेवा, एसी बंद करा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा. सारखं वर-खाली बदलत राहिलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) घसरत राहतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरतानाही तोच गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. चांगला पाहुणा असेल तर तो बिनएसीचे दहा मिनिटं सोसेल.

क्लचचा वास: घाटात नव्हे, मागे घेताना

क्लच जळतो तो बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागी. कॅरॅव्हॅन चढावर मागे लावायची, आपल्याला नेम धरायला हळू जायचंय, रिव्हर्स गिअर तेवढा हळू नाही, म्हणून अर्धा क्लच. पाच मिनिटांत प्लेट निळी.

पण त्याआधी एक गोष्ट बघा. ट्रेलरला धक्क्याचा ब्रेक असेल, म्हणजे गाडी ब्रेक मारते तेव्हा ट्रेलर पुढे दाबला जाऊन त्याचा ब्रेक आपोआप लागतो असा, तर मागे घेतानाही तोच दाब येतो. सुधारित ब्रेकमध्ये मागे घेताना तो आपोआप सुटतो. जुन्या किंवा स्वस्त ब्रेकमध्ये कपलिंगवरचा एक खटका हाताने अडवावा लागतो. तो अडवला नाही तर तुम्ही ब्रेक लागलेला ट्रेलर मागे रेटताय. लोक क्लच प्लेट बदलतात, पुन्हा जळते, मग गाडी बदलतात. खटका तसाच. पुढे निघताना तो पुन्हा मोकळा करायला विसरू नका, नाही तर उतारावर ट्रेलरला ब्रेकच नसेल.

खटका बरोबर असेल, तरीही वास येत असेल, तर मात्र फोर-लो हवा. लो रेंजमध्ये प्रत्येक गिअर साधारण अडीच पटींनी हळू आणि जोरकस होतो, क्लच पूर्ण सोडून गाडी रांगत मागे जाते. माती, गवत, मुरूम असेल तिथे बिनधास्त वापरा. सिमेंटच्या कोरड्या अंगणात पूर्ण स्टिअरिंग वळवून वापरू नका, कारण वर सांगितलेला ताण तिथेही येतोच.

आता गाडी

एवढं सगळं करूनही गाडी बदलायची असेल तर या क्रमाने बघा.

पहिली बाब, वाहून नेण्याची क्षमता. गाडीचं कमाल वजन वजा रिकामं वजन, एवढीच. पाच माणसं सत्तर किलोची धरली तर साडेतीनशे गेले. सामान, हिच आणि नाकभार त्यातूनच जातो. नाकभार मागच्या अॅक्सलवर (चाकांच्या आसावर) वाढीव होऊन पडतो हे फार जण विसरतात. हिचचा गोळा अॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) पावणेतीन मीटर असेल, तर १०० किलोचा नाकभार मागच्या अॅक्सलवर जवळपास १४५ होतो आणि पुढच्या अॅक्सलवरून ४५ किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं, आणि डोलायला वाट मोकळी. मागून बसलेली, नाक वर केलेली गाडी दिसली की हेच चाललेलं असतं. जास्तीचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) टाकून बूड वर येतं, पण वजन कमी होत नाही.

म्हणून दुसरी बाब व्हीलबेस. तीन दरवाज्यांची थार २४५० मिलिमीटर, पाच दरवाज्यांची जिम्नी २५९०, फॉर्च्युनर २७४५, स्कॉर्पिओ-एन २७५०, थार रॉक्स २८५०, हायलक्स ३०८५, व्ही-क्रॉस ३०९५. आखूड गाडी डोंगरात मजा देते, ट्रेलर मागे असला की तो तिला हलवतो. हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पिकअपला मात्र अॅक्सलच्या मागचा भाग लांब असतो, तेही मोजा.

तिसरी बाब, ट्रेलर गाडीपेक्षा हलका हवा. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्या रस्त्यांवर, जिथे समोरून चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर येऊ शकतो, मी ७० च्या पुढे जाणार नाही. ऑस्ट्रेलियात हायलक्ससारख्या गाडीला ३५०० किलो ओढायची परवानगी आहे, ते आकडे वाचून इथे कोणी हुरळू नये. तिथे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे, हिच कंपनीने ठरवलेला, आणि गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची वेगळी मर्यादा. गाडी काठोकाठ भरली तर ३५०० किलो ओढताच येत नाहीत. तुमच्या गाडीच्या इथल्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच धरा.

इंजिन यानंतर. चारशे-पाचशे किलोच्या छोट्या ट्रेलरला जिम्नीसुद्धा चालेल, पण १३४ न्यूटन-मीटर टॉर्कचं (ओढीच्या जोराचं) पेट्रोल इंजिन घाटात सतत वरच्या फेऱ्यांत ठेवावं लागेल. सातशे-आठशे ते हजार किलोला स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर-बाय-फोर माझ्या मते सगळ्यात हिशेबात बसणारी. टनाच्या पुढे व्ही-क्रॉस किंवा हायलक्स, कारण लांब व्हीलबेस आणि मागे पाटे, फक्त मागे बसणाऱ्यांना प्रवास खडतर वाटेल. फॉर्च्युनर ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर, मॅन्युअलला ४२०. मागे घेण्याचा त्रास असणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी, क्लचच नाही तर वास कुठला. गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक आहेत, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. ज्याचा मुक्काम शेतात आणि काळ्या मातीत असतो त्याने तिचा विचार करावा. लो रेंज नसलेली ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही मात्र या कामाला नको. चिखलात भार ओढताना मागच्या चाकांना जोर देणारा तिच्यातला क्लच तापतो आणि ती मागची चाकं सोडून देते.

काळ्या मातीचं एवढंच की परतीच्या पावसानंतर ती टायरच्या खाचा लिंपून टाकते आणि चारही चाकं गुळगुळीत होतात. तिथे फोर-बाय-फोरपेक्षा टायरची नक्षी आणि थोडी कमी हवा जास्त कामाची. आणि कॅरॅव्हॅन मुरमावरच उभी करा, कितीही गवत हिरवंगार दिसलं तरी.

कागदाचं थोडक्यात: ट्रेलरची मोटार वाहन कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी लागते, गाडीच्या आरसीवर तो चालत नाही. गाडीत नोंदीपेक्षा वेगळा बदल कलम ५२ खाली येतो, म्हणून हिच बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. राज्याचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण पर्यटन व्यवसायासाठी आहे, त्यातून ही नोंदणी सुटत नाही.

जुनी गाडी घेत असाल तर मागच्या पाट्यांच्या किंवा स्प्रिंगच्या आधाराजवळ चेसिसवर वेल्डिंगची डागडुजी आहे का बघा. मोकळ्या मातीवर फोर-लो टाकून दाखवायला सांगा, पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवा. मालक अभिमानाने म्हणाला की फोर-बाय-फोर आपण कधी वापरलंच नाही, तर ट्रान्सफर केसमधलं तेल कारखान्यातून आलेलं तेच असण्याची शक्यता धरा, किमतीत तेवढं कमी करून घ्या, आणि ट्रेलर जोडण्याआधी ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदलून टाका.